एकाच सोन्याचे दोन भाव

“तुझा आकडा किती म्हणालास?” अर्जुन घाडग्याने रस्सा भुरकत विचारलं.

“वीस.”

“वीस? नीट बघ की लेका. माझा अठ्ठेचाळीस हाय.”

जत्रेचा दुसरा दिवस होता. आमच्या दारात मांडव, मांडवात भावकीची आणि पाहुण्यांची पंगत, आणि मी यजमान असूनही वाढायचं सोडून हातात एक कागद घेऊन अर्जुनशेजारी उकिडवा बसलेलो. विट्याच्या बाजूची आमची गावं वर्षभर निम्मी रिकामी असतात. माणसं गलाईच्या धंद्यासाठी मुलूखभर पांगलेली. सराफांकडचं जुनं सोनं वितळवायचं, ॲसिडमध्ये टाकून त्यातलं तांबं-चांदी काढायचं आणि शुद्ध सोनं परत द्यायचं, हा तो धंदा. अर्जुनचं दुकान कानपूरला, माझं सेलमला. चैत्रात जत्रेला सगळे गावी येतात आणि दोन दिवस एकमेकांना आपापल्या गाड्या, आपापली पोरं आणि आपापले आकडे दाखवतात.

हा आकडा म्युच्युअल फंडाच्या युनिटचा होता. पाच वर्षांपूर्वी अर्जुनने आणि मी एकाच दिवशी एकाच फंडात लाख-लाख रुपये घातले होते. दहा रुपयाला एक युनिट, म्हणजे दोघांची दहा-दहा हजार युनिटं. पैसे घालून देणारा माणूसही एकच, माझ्या थोरल्या बहिणीचे, शालनआक्काचे, यजमान जालिंदर साळुंखे. माझे पैसे मी आईच्या नावावर टाकले होते. सकाळपासून अर्जुन बढाया मारत होता म्हणून मी आईच्या कपाटातून तिचा कागद काढून आणला होता. युनिटं दहा हजारच होती. भाव मात्र वीस.

“माझं चार लाख ऐंशी हजार झालं, तुझं दोन लाख,” अर्जुन म्हणाला. “एकाच सोन्याला दोन भाव कसं रं?”

तो गमतीनेच म्हणाला. पण गलाईवाल्याला ती गंमत वाटत नाही. एका लगडीचे दोन तुकडे केले आणि दोघांना वेगळा भाव आला, तर मध्ये कुणीतरी हात मारला असलाच पाहिजे. सोनं वितळताना वजनात थोडी घट येते, आणि त्या घटीच्या नावाखाली गलाईवाला सोनं खातो असं सगळं जग समजतं. सेलमचे सराफ भट्टीपुढे खुर्ची टाकून बसतात आणि सोनं वितळवायची मूस थंड होईपर्यंत नजर हलवत नाहीत. वीस वर्षं मी ती नजर सोसली होती. त्यामुळे दुसऱ्याकडे तशा नजरेने कसं बघायचं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दाजी पंगतीच्या वरच्या अंगाला, जावयाच्या मानाच्या जागी बसले होते. आधी अल्पबचतीचे एजंट, मग विमा, मग हे फंड. खिशाला दोन पेनं, आणि कुठल्याही बोलण्याचा शेवट “म्हणून तर मी सांगत असतो.” एकदा बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार व्हायचा. खरं सांगायचं तर मला ते कधीच फारसे आवडले नव्हते. आक्काकडे बघून गोड बोलायचो, एवढंच.

“दाजी,” मी बसल्या जागेवरूनच हाक मारली, “अर्जुनचा अठ्ठेचाळीस आणि आमचा वीस. ह्ये कसं काय?”

दाजींनी तोंडातला घास गिळला आणि हसले. “त्यांचा वाढीचा पर्याय हाय, तुमचा लाभांशाचा. वाढीवाल्याचा नफा फंडातच राहतो, म्हणून भाव चढत जातो. लाभांशवाल्याला त्यातलंच थोडं रोख वाटत्यात. वाटलं की तेवढा भाव त्याच दिवशी खाली येतो. युनिटं हायेत तेवढीच. पैसा काय उडून जात न्हाई, हितला तिथं जातो.”

“लाभांशाचा? तुम्हाला कुणी सांगितलं तो घ्यायला? मी म्हणलं होतं, पैसं मोडायचं न्हाईत.”

“मोडलं कुठं? युनिटं मोजा की.”

एवढं बोलून त्यांनी आक्काकडे पाहिलं. ती भाकरीची बुट्टी घेऊन पंगतीत फिरत होती, ती जागीच थांबली. दोघांची नजर मला दिसली आणि मी तिचा मला सोयीचा अर्थ लावला.

“आजवर किती वाटलं?”

“चार वेळा आलं. पहिल्या तीन वेळा युनिटमागं चार-चार रुपयं, गेल्या साली पाच.”

म्हणजे युनिटमागे सतरा. दहा हजारांनी गुणायला मला कागद लागला नाही. एक लाख सत्तर हजार.

“मग त्ये गेलं कुठं?”

“मामींच्या खात्यात.”

“आईच्या खात्यात साडेतीन हजार हायेत. सकाळी कागद काढताना पासबुक बघितलंय मी, तवा ह्या रकमा कसल्या त्ये कळलं न्हवतं. पैसा आला की आठवड्याच्या आत काढलाय, दर खेपंला. आईला सही सोडून काय येत न्हाई. तिला बँकेत तुमच्या मोटारसायकलवरनं कोण नेतं?”

पंगतीत बोलणं थांबलं. कुणाच्या तरी पत्रावळीवर वाढपी भात टाकत होता, तोही वाकलेला तसाच राहिला. अर्धा अर्धा तास बोलणारे दाजी भाकरीचा तुकडा नुसता मोडत राहिले.

“बोला की. एरवी तोंडाला इसावा नसतो.”

“हणमंतराव, माणसं जेवू द्यात. मग बोलू.”

“आत्ता बोला. चार माणसांत इचारलंय, चार माणसांत सांगा. कुठं हायेत पैसं?”

“त्ये मला सांगता येणार न्हाई.”

“ऐकलं का?” मी पंगतीकडे वळलो. “सांगता येणार न्हाई म्हणं! खाई त्याला खवखवे, दुसरं काय.”

अर्जुनने माझा दंड धरला. “हणमा, सोड. जत्रंचा दिस हाय.” त्याने धरलं म्हणून मी जास्तच चेव चढल्यासारखा उठलो. त्याचे चार लाख ऐंशी हजार माझ्या डोक्यात नाचत होते. दाजींच्या पुढ्यात जाऊन मी वाकलो आणि त्यांचं भरलेलं ताट ओढून बाजूला सारलं.

“आईचं खाल्लं त्येवढं पुरं,” मी म्हणालो. “आनखी खायाला मी घालणार न्हाई.”

आमच्याकडे वैऱ्यालाही भरल्या ताटावरून उठवत नाहीत. मी जावयाला उठवलं, त्याच्या बायकोदेखत आणि सगळ्या भावकीदेखत. आज इतकी वर्षं झाली, तरी त्या ताटाची कड माझ्या बोटांना लागते.

दाजी उठले. मांडवाच्या कडेला जाऊन त्यांनी सावकाश हात धुतले. आक्काने बुट्टी खाली ठेवली आणि माझ्यापुढे आली. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, लहानपणी मला कडेवर घेऊन फिरलेली. मला वाटलं मारते की काय.

“आई कुठं गेलीया?” तिने विचारलं.

“मला काय म्हाईत. डबा घिऊन कुठंतरी गेली.”

“आली की तिला सांग, शालन गेली.”

मोटारसायकल चालू झाल्याचा आवाज आला. पंगत पुन्हा जेवू लागली, पण मान खाली घालून. दोघा-तिघांनी मला हळूच सांगितलं की बरं झालं, वेळीच उघडं पडलं. त्यांचेही पैसे दाजींकडूनच घातलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला धास्ती दिसली आणि मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं.

आई तासाभराने आली, हातात रिकामा डबा घेऊन. “जालिंदरबापू जेवलं का?” हे तिचं पहिलं बोलणं.

मी तिला सगळं सांगितलं. घराचा पैसा वाचवणाऱ्या मुलाच्या थाटात सांगितलं. आई ऐकता ऐकता मांडवाच्या खांबाला धरून खाली बसली. मी विचारलं, “काय झालं?”

“चप्पल घाल.”

“कुठं जायाचंय?”

“पैसं कुठं गेलं इचारतोस न्हवं? चल, दावते.”

आम्ही जत्रेच्या गर्दीतून निघालो. पाळणे, खेळण्यांची दुकानं, भेंडबत्ताशांचे ढीग, ओळखीची माणसं हात करत होती आणि मी हसून हात करत होतो. आई पुढे चालत होती. देवळामागून ती ओढ्याकडे वळली तेव्हा माझे पाय मंदावले. त्या बाजूला मी सहा वर्षांत गेलो नव्हतो. तिकडे महिपती जगदाळ्याचं घर होतं.

महिपती माझ्या वर्गातला. मीच त्याला सेलमला नेलं होतं. ॲसिडच्या कामात त्याच्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नव्हता. सोनं ॲसिडमध्ये टाकलं की तांबूस धूर उठतो आणि तो बाहेर ओढायला पंखा असतो. एका दिवाळीच्या तोंडावर तो पंखा बंद पडला. महिपतीने मला दोनदा सांगितलं. मी म्हणालो, “सीझन उरकू दे.” दुरुस्तीला एक दिवस दुकान बंद ठेवलं असतं, तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे गेलं असतं. त्या धुरात तो दिवाळीपर्यंत उभा राहिला. पाडव्याला त्याच्या खोकल्यातून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं भाजली आहेत, आता हे भरून यायचं नाही.

मी त्याला वीस हजार रुपये देऊन गाडीत बसवून दिलं. गावात सांगितलं की फार बिड्या ओढायचा. ओढायचा, ते खोटं नव्हतं. पण ओढत तर आम्ही सगळेच होतो. आईने तेव्हा फोनवर म्हटलं होतं, “हणमंता, त्याच्या घरला म्हैन्याला काय तरी धाडत जा.” मी तिला म्हणालो होतो, “एकदा सवय लावली की जलमभर द्यावं लागंल. माझ्या पैशातला एक रुपया जरी त्या घरात गेला, तर मी परत गावात पाऊल ठेवणार न्हाई.” दुसऱ्या वर्षी मी तिच्या नावावर फंडात पैसे घातले आणि बजावलं, मोडायचे नाहीत.

महिपती सोप्यात बाजेवर बसला होता, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून. माझ्याच वयाचा माणूस, पण खांदे म्हाताऱ्याचे. शेजारी एक यंत्र घुरघुरत होतं आणि त्याची नळी त्याच्या नाकात होती. मला बघून तो उठायला लागला. त्याच्या बायकोने, कौसल्येने, त्याला खांद्याला धरून बसवलं.

“शेठ,” तो म्हणाला, आणि श्वास घेतला. “कौसल्या, शेठ आलं बग. गूळ-पाणी आण.”

मी बाजेच्या टोकाला बसलो. “कसा हायेस?” असं काहीतरी विचारलं.

“तुमच्या किरपंनं... ब्येस.” तो दोन शब्द बोलायचा आणि थांबायचा. “काकूंनी सांगितलंय... तुमी म्हणलासा, कुणाला... बोलू नगा. म्हणून मी बी... बोललो न्हाई. न्हाईतर गावभर... सांगितलं असतं.”

मी आईकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत उभी होती.

“ह्ये यंत्र बी,” कौसल्या पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, “गेल्या साली तुमी धाडलेल्या पैशातनंच घेतलं बगा. आदी सिलिंडर आणायला विट्याला पळावं लागायचं. थोरलीची फी बी त्यातनंच गेली.”

“लोकं म्हणायची,” महिपती म्हणाला, “शेठनं टाकलं तुला. मी म्हणायचो... आसं करणारा... न्हाई त्यो.”

त्याने माझा हात हातात घेतला. त्याच्या बोटांवर ॲसिडचे पिवळे डाग अजून होते, सहा वर्षांनंतरही. निदान मला ते दिसले. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की महिपती, मी एक रुपयाही दिलेला नाही. तुझ्या आजारपणाचं कारण बिडी आहे असं गावभर सांगणारा मी आहे. ते माझ्या जिभेपर्यंत आलं होतं.

“असू दे, असू दे,” मी म्हणालो.

आणि त्यांचा गूळ खाऊन पाणी प्यालो.

परत येताना ओढ्याच्या कडेला आई थांबली. “खोटं बोलले मी त्येंच्यापाशी,” ती म्हणाली. “माझ्या पोराचं नाव त्या घरात शिवीवाणी निघू नये, म्हणून.”

“मला सांगायचंस.”

“आन् तू दिलं असतंस?”

मी चपलेतला खडा काढायला वाकलो.

“तू म्हणलास मोडू नगो, मी मोडलं न्हाई. जालिंदरबापूंना इचारलं, न मोडता ह्यातनं काय हाताला लागंल का? त्ये म्हणलं, लागंल. पर कवा देतील, किती देतील त्येचा नेम न्हाई, आन् दिलं की भाव उतरंल. हणमंतरावांनी कवातरी इचारलं तर अवघड व्हईल. मी म्हणलं, इचारू द्या. तवर महिपती तरी जगंल.” तिने पदराने तोंड पुसलं. “त्येंना मी शालनची शपत घातलीया, तुला सांगायचं न्हाई म्हणून. तुला कळलं असतं तर तू बंद केलं असतंस. त्यो माणूस माझ्या शबुदासाठी भरल्या ताटावरनं उठला रं.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर फाशी देणाराच चोर होता.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला मी आक्काच्या गावी गेलो. गाडी वेशीबाहेरच ठेवली, दारापर्यंत न्यायची लाज वाटली. दाजी अंगणात बनियनवर बसून जनावरांना वैरण तोडत होते. मी काही न बोलता त्यांचे पाय धरले.

“आवं, आवं, ह्ये काय,” ते मागे सरकले. “उठा. मामींनी सांगितलं जणू?”

“चुकलो, दाजी.”

“बसा.” त्यांनी खुर्ची आणली. हात धोतराला पुसत स्वतः पायरीवर बसले. मग, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून असेल, ते नेहमीच्या सुरात बोलू लागले. “आता तुमच्याच धंद्यातलं सांगतो. पाच तोळ्याची पाटली हाय. त्यातलं तोळाभर कापून तुमच्या हातात दिलं. पाटली किती राहिली? चार तोळं. लोक म्हणत्यात लाभांश मिळाला, म्हंजी वरनं काय तरी फुकट आलं. वरनं काय येत न्हाई. आपल्याच पाटलीतलं असतं. पाटली एकच, सोनं तेवढंच, नुसतं दोन जागी झालं. म्हणून तर मी सांगत असतो.”

मी मान हलवत होतो. माफी मागायला आलेला माणूस हलवतो तशी. पण डोक्यातला सोनं तोलणारा थांबला नव्हता.

“दाजी,” मी म्हणालो, “सतरा आणि वीस सदतीस होत्यात. अर्जुनचं अठ्ठेचाळीस. मग मधलं अकरा?”

शब्द बाहेर पडले आणि मग माझ्याच कानांवर आले. मला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी. पाय धरून झालेले, महिपतीच्या घरचं पाणी पोटात असलेला मी, युनिटमागे अकरा रुपये कुठे गेले ते विचारत होतो.

दाजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. “वाटलेलं सतरा फंडातच राहिलं असतं, तर त्येंनी पुढं आनखी कमावलं असतं,” ते म्हणाले. “त्येच ते अकरा. ते कुणी खाल्लं न्हाईत, हणमंतराव. ते झालेच न्हाईत.”

आक्का दारात उभी होती, हातात चहाची कपबशी. ती केव्हापासून ऐकत होती कोण जाणे.

“लागला हिशेब?” तिने विचारलं.

तिने कपबशी माझ्यापुढे ठेवली.

“च्या घे. दारात आलेल्या पाव्हण्याला तसंच उठवायची रीत न्हाई आमच्यात.”

“आक्का...”

“आई हाय तवर यीन मी. तिच्यापुरतं. तुझ्या घरात घोटभर पाणी पी म्हणून आग्रव करू नगोस.” ती आत जायला वळली आणि पुन्हा थांबली. “आन् हेंचं नाव गावात धुऊन काढ. तू चार माणसांत बोललास, आता चार माणसांतच सांग. दुपारधरनं तिघांचं फोन आलं, आमचं पैसं परत काढून द्या म्हणून.”

“सांगतो,” मी म्हणालो. “उद्याच सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भावकी चहाला जमली. दाजींवरचा आळ खोटा, हे सांगायचं तर पैसे कुठे गेले ते सांगावं लागणार होतं. ते सांगायचं तर ते मी दिले नव्हते, आईने माझ्या चोरून दिले होते, हेही आलं. आणि मग महिपतीचा आजार आला, बंद पंखा आला, सीझन आला. मी म्हणालो, “दाजींचा आणि माझा जरा गैरसमज झाला होता, मिटला.” लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. घरातलं प्रकरण झाकलं, असं त्यांना वाटलं, आणि दाजींवरचा डाग त्या वाक्याने उलट पक्काच झाला. मी सेलमला निघून गेलो. त्यानंतर मी महिपतीच्या घरी खरोखरच दर महिन्याला पैसे पाठवू लागलो. लाभांशाची वाट न बघता, आणि कबूल करायला हवं, मला ते जडही गेले नाहीत. आई फोनवर सांगायची, जालिंदरबापूंकडे हल्ली फारसं कुणी येत नाही, आपल्या गावातली निम्मी खाती सुटली. मी म्हणायचो, जत्रेला आलो की सगळ्यांना बसवून सांगतो.

जत्रेआधीच, पौषात, महिपती गेला. दहाव्याला मी गावी आलो.

ओढ्याकाठी सगळं गाव जमलं होतं. विधी झाल्यावर आमच्याकडे श्रद्धांजलीची भाषणं होतात, माणूस लहान असो की मोठा. एक-दोघं बोलले. मग अर्जुन घाडगे उठला. कानपूरहून तो मुद्दाम आला होता.

“एक गोष्ट आज सांगतोच,” तो माईकवर म्हणाला. “महिपतीनं मरायच्या आदी बायकोला सांगितलं, आता शेठनी घातलेलं बंधन पाळू नगो, लोकांना कळू दे. वहिनींनी मला सांगितलं. सहा वर्सं ह्या माणसाचा दवापाणी, यंत्र, पोरीचं शिक्षण, सगळं कुणी केलं? हणमंत निकमांनी. आन् कुणाला कळू दिलं न्हाई. मालक असावा तर असा.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कौसल्येने बसल्या जागेवरून हात जोडले. आई बायकांच्यात बसली होती. तिने पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

“हणमंता,” अर्जुन म्हणाला, “दोन शब्द बोल.”

त्याने माईक माझ्या हातात दिला. सगळं गाव समोर होतं. पंगतीत होते ते सगळे होते. कडेला बाभळीखाली दाजी बसले होते. एरवी अशा वेळी माणसांच्या घोळक्यात असणारे दाजी एकटे होते, त्यांच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी होती. ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. ते फक्त वाट बघत होते.

“महिपती चांगला माणूस होता,” मी म्हणालो.

पुढचं बोलायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. माईक परत दिला आणि मान खाली घालून खाली बसलो.

“बगा,” माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, “येवढं केलं, पर मान वर करून बोलत न्हाई माणूस.”

“संस्कार हायेत,” दुसरा म्हणाला.

मी मान वर केली तेव्हा दाजी उठले होते. ते चपला शोधत होते. सापडल्यावर त्यांनी त्या पायात घातल्या आणि बायकांच्या बाजूला जाऊन आक्काला म्हणाले, “चल.”